पेल एलसाठी हॉप्स निवडायचे कसे, बदलायचे कसे: गावात राहणाऱ्यांसाठी

पेल एल म्हणजे फिक्या रंगाची, हॉप्सच्या वासाची बीअर. तिची कोणतीही कृती उघडा, माल्टपर्यंत, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापर्यंत, सगळं सोपं असतं. गाडी अडते ती हॉप्सपाशी, म्हणजे बीअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांपाशी. कृतीत हॉपची जात लिहिलेली असते कॅस्केड, ऑनलाइन दुकानात ते संपलेलं असतं आणि शिल्लक असतं शिनूक, ही दुसरीच जात. पुण्या-बंगळुरूकडचा माणूस दुसऱ्या दुकानात विचारतो. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला मिळेल त्या पाकिटावरच भागवावं लागतं. मग बहुतेक जण जे मिळालं ते तेवढ्याच वजनाने टाकतात आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं.

पुण्यातल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बीअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात, मी काही काळ काम केलं, आता गावी संत्र्याची बाग पाहतो. ब्रुअरीत जे शिकलो त्याचं सार एवढंच: कृतीतलं हॉप नेमकं कोणतं काम करतंय ते आधी ओळखायचं आणि त्या कामाला दुसरा गडी लावायचा. निंदणाच्या बाईऐवजी ट्रॅक्टरवाला बोलावून चालत नाही, तसंच हे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

१. आधी कायदा समजून घ्या

हे टाळून पुढे जाऊ नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. घरची, स्वतःपुरती, थोडीशी, असा फरक करून सुटका होत नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. परदेशात चित्र वेगळं आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी घरी बीअर बनवायला १९७८ च्या केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली, म्हणूनच घरगुती कृती बहुतेक तिकडच्या असतात.

त्यामुळे गावात मी जे करतो आणि खाली जे सांगतो ते बिनदारूचं आहे: माल्टचा गोड काढा, त्यात पेल एलसारखे उकळलेले हॉप्स, वरून सोडा. यीस्ट टाकायचं नाही, आंबवायचं नाही. हॉप्सची निवड, हिशोब आणि अदलाबदल मात्र खऱ्या पेल एलइतकीच आहे. तुमच्या घरातला कुणी ब्रुअरीत नोकरीला असेल किंवा जिथे मोकळीक आहे अशा देशात राहत असेल, तर त्याला हेच आकडे जसेच्या तसे कामी येतील.

२. काय काय लागेल

मोठी यादी नाही. सात लिटरचा स्टीलचा गंज, झाकणासह. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा. हा लागतोच, कारण इथे तीन ग्रॅम आणि सहा ग्रॅम यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो आणि किराणा दुकानातला काटा त्याला उपयोगाचा नाही. द्रवात बुडवायचा थर्मामीटर. गाळायला मलमलचं स्वच्छ, उकळून घेतलेलं फडकं. फिक्या रंगाची साधी माल्ट एक्स्ट्रॅक्ट पावडर. दुधात घालायची चॉकलेटवाली पावडर चालत नाही. हॉप्सच्या गोळ्या, लिंबं आणि थंडगार सोडा.

पाण्याबद्दल दोन शब्द जास्त, कारण आपल्याकडे खरा घोळ पाण्यातच होतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट असतं आणि इतर बऱ्याच गावांत ते जड असतं. जड पाण्यात हॉप्सचा कडूपणा खरखरीत लागतो, घशाशी रेंगाळतो. मग माणूस हॉपला दोष देत बसतो. गावात आरओचं कॅन येत असेल तर तेच वापरा. नळाचं क्लोरीनचं पाणी असेल तर उघड्या गंजात आधी चांगलं उकळून घ्या.

३. पाकीट वाचायला शिका

हॉप म्हणजे एका वेलीच्या मादी झाडाची फुलं, छोट्या हिरव्या शंकूसारखी. त्यांच्या पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी चिकट भुकटी असते, ल्युप्युलिन. कडूपणा आणि वास, दोन्ही तिच्यातच. भारतात लाहौलच्या खोऱ्यात हॉप्सची शेती झाली आहे, पण आपल्या हाती येतं ते बहुधा अमेरिकेचं, जर्मनीचं किंवा इंग्लंडचं, वाळवून दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात. ढेपेच्या बारीक गोळ्या असतात तशाच दिसतात.

पाकिटावर तीन गोष्टी शोधा.

जातीचं नाव. आणि तेही पूर्ण. नॉर्दर्न ब्रुअर आणि ब्रुअर्स गोल्ड या दोन वेगळ्या जाती आहेत. स्टायरियन गोल्डिंग हे नावाने गोल्डिंग असलं तरी मुळात फगलच आहे. एकच जात दोन देशांत पिकली तरी वास बदलतो, म्हणून देशाचं नावही पाहा.

अल्फा आम्लाचा, म्हणजे कडूपणा देणाऱ्या द्रव्याचा, टक्का. सगळा हिशोब या आकड्यावर चालतो. पुस्तकात कॅस्केडला साधारण ४.५ ते ७ टक्के दिलेले असतात, पण तुमच्या पाकिटावर जो आकडा छापलाय तोच धरायचा. त्या वर्षीचं पीक, तो मळा, तो आकडा. आकडा छापलेलाच नसेल तर ते पाकीट कडूपणासाठी घेऊ नका.

हंगामाचं वर्ष. उत्तर गोलार्धात हॉप्सची तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरला होते, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. दोन-तीन वर्षांपूर्वीचं पीक स्वस्तात दिसलं तर ते फ्रीजरमध्ये ठेवलं होतं का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. उष्णतेत अल्फा आम्ल घटतं, म्हणजे छापलेला आकडाही मग खरा राहत नाही.

पाकीट हाती आलं की दोन गोळ्या तळहातावर घेऊन अंगठ्याने चुरा आणि दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात घासून नाकाशी न्या. चांगल्या हॉपचा चुरा हिरवागार असतो, हाताला राळेसारखा चिकटतो आणि तो चिकटपणा साबणानेही लगेच जात नाही. वास संत्र्याच्या सालीचा, पाइनच्या लाकडाचा, पिकल्या फळाचा किंवा ओल्या गवताचा, जातीप्रमाणे. चुरा तपकिरी असेल आणि पायमोज्यासारखा किंवा जुन्या चीजसारखा वास येत असेल तर ते हॉप गेलेलं आहे. मन घट्ट करून टाकून द्या. पण उकिरड्यावर उघडं टाकू नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, खाल्ले तर त्यांचा ताप इतका चढतो की जीव जाऊ शकतो. वापरून झालेल्या चोथ्यालाही हाच नियम. खड्डा करून पुरा.

४. कृतीतलं हॉप काय काम करतंय ते ओळखा

हे ओळखायला कृतीत वजनापुढे लिहिलेली मिनिटं पाहायची. अल्फा आम्ल तसंच्या तसं पाण्यात फारसं विरघळत नाही. उकळल्यावर त्याचं रूप बदलतं, तेव्हा ते विरघळतं आणि कडू लागतं. याला वेळ लागतो. उलट वासाची तेलं वाफेबरोबर उडून जातात.

म्हणून ६० मिनिटं उकळायला लावलेलं हॉप कडूपणाच्या कामावर असतं, त्याचा वास जवळजवळ सगळा उडालेला असतो. १५ मिनिटांचं हॉप मधल्या कामावर: साठ मिनिटांच्या तुलनेत साधारण निम्मा कडूपणा देतं आणि थोडी चव ठेवतं. आच बंद केल्यावर टाकलेलं हॉप वासाच्या कामावर. आंबवलेल्या एलमध्ये याशिवाय थंड अवस्थेतही हॉप टाकतात, ते फक्त वासासाठी.

एकाच कृतीत कॅस्केड तीनदा आलं असेल तर ती तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींसाठी एकच बदली शोधायची गरज नाही. साठ मिनिटांच्या जागी कोणतंही स्वच्छ कडू हॉप चालेल. महागातलं, वासाचं हॉप तिथे टाकणं म्हणजे पैसे वाफेवर सोडणं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी खर्च बराच कमी होतो.

५. कडूपणाची बदली: निव्वळ गणित

ग्रॅम गुणिले अल्फा टक्के. बस. दोन्ही बाजूंना हा गुणाकार सारखा आला पाहिजे.

समजा कृतीत ६० मिनिटांसाठी २८ ग्रॅम कॅस्केड आहे, अल्फा ५.५ टक्के. गुणाकार १५४. तुमच्याकडे शिनूक आहे, पाकिटावर १३ टक्के. १५४ भागिले १३, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम. २८ च्या जागी १२. वजन तेवढंच ठेवलं असतं तर कडूपणा दुपटीहून जास्त झाला असता.

या कामाला माझी पहिली पसंती जर्मन मॅग्नम, अल्फा साधारण १२ ते १४ टक्के. सरळ, स्वच्छ कडू, मागे काही रेंगाळत नाही. त्याच्या जागी वॉरियर चालतं, ते १५ ते १७ टक्क्यांचं, म्हणून वजन अजून कमी. कोलंबस, टोमाहॉक आणि झ्यूस ही नावं दुकानात वेगळी दिसली तरी बदलीसाठी तिन्ही एकच समजा. कडूपणा दणकट, थोडा रांगडा. इंग्रजी वळणाच्या पेल एलला तो शोभत नाही, अमेरिकन वळणाला चालतो.

उलट दिशेने जाताना सांभाळा. मॅग्नमच्या जागी साझसारखं ३-४ टक्क्यांचं हॉप घेतलं तर तिप्पट-चौपट माल टाकावा लागतो. गणित जुळतं, पण एवढा पाला उकळला की काढ्याला गवताची, तुरट चव येते आणि गाळताना निम्मा काढा चोथ्यातच राहतो.

ल्युप्युलिनची गाळलेली भुकटीही हल्ली विकत मिळते. तिच्यात अल्फा आणि तेल साधारण दुप्पट असतं. गोळ्यांच्या निम्म्याने सुरुवात करा.

६. वासाची बदली: इथे नाक लागतं

इथे गणित अर्धंच कामाचं. अल्फा सारखा असला म्हणून वास सारखा येत नाही. मी जाती गटांनी लक्षात ठेवतो.

अमेरिकन पेल एलची ओळखच कॅस्केडने घडवली. ओरेगॉनमध्ये तयार झालेली ही जात १९७२ साली बाहेर आली आणि तिच्या आईकडून ती इंग्रजी फगलची. वास चकोत्र्याचा, फुलांचा. तिला सगळ्यात जवळचं सेंटेनियल, पण त्यात तेल आणि अल्फा दोन्ही जास्त, म्हणून कॅस्केडच्या दोन-तृतीयांश घ्यायचं. अमारिलो घेतलं तर वास संत्र्याकडे झुकतो, मला तो आपल्या मातीशी जुळणारा वाटतो. शिनूक याच घराण्यातलं वाटलं तरी पाइन आणि राळ पुढे येते, फूल मागे पडतं. एकट्याने वासाला वापरू नका. थोडं शिनूक आणि त्याच्या दुप्पट कोणतंही फुलांचं हॉप असं मिश्रण बरं.

सिट्रा आणि मोझेइक पिकलेल्या फळांच्या वासाचे: आंबा, पेरू, लिची. सिट्राच्या जागी मोझेइक चालतं, फक्त त्यात बेरीसारखी आणि थोडी मातकट छटा येते. या जाती मालकी हक्काच्या आहेत, ठरावीक मळ्यांनाच पिकवता येतात, म्हणून महाग. यांची हुबेहूब नक्कल कुठल्याच एका जातीने होत नाही. सिट्रा नसेल तर मी सेंटेनियल आणि अमारिलो निम्मं-निम्मं घेतो. आंबा-लिची हरवते, लिंबू-संत्रं राहतं आणि पेय छान लागतं.

इंग्रजी वळणाची पेल एल वेगळी. तिथे ईस्ट केंट गोल्डिंग्ज आणि फगल: सौम्य, मातीचा, मधाचा, वाळल्या पानांचा वास. एकमेकांच्या जागी सहज चालतात. फगलसाठी अमेरिकन विलामेट ही चांगली बदली, ती फगलचीच लेक. या कृतीत सिट्रा टाकलं तर ते बिघडलं असं नाही, पण ते दुसरंच पेय झालं. कुणाला प्यायला देताना तसं सांगून द्या.

दोन पाकिटांतून निवडायचं असेल तर फुलपात्रात गरम पाणी, साधारण ७५ अंश, त्यात चिमूटभर चुरा, पाच मिनिटं झाकण. असे दोन पेले शेजारी ठेवून वास घ्या. गोळीच्या वासापेक्षा गरम पाण्यातला वास पेयाच्या जास्त जवळ जातो.

७. आपल्या शिवारातलं काय चालतं

वासाच्या बाजूला बरंच. कडूपणाच्या बाजूला नाही. चिरायत, गुळवेल, कडुनिंब यांचा कडूपणा वेगळ्या जातीचा आणि औषधी आहे. त्यांचं प्रमाण चुकलं तर नुसती चवच बिघडत नाही. कडूपणासाठी हॉपच घ्या, ते लागतंही थोडं.

वासासाठी नागपुरी संत्र्याची साल, मृग बहाराची असो की आंबिया बहाराची. वरचा केशरी भाग पातळ सोलून घ्यायचा, आतला पांढरा सोडायचा. फवारणी झालेल्या बागेची साल घेऊ नका. स्वतःच्या झाडाची किंवा ज्याची फवारणी तुम्हाला माहीत आहे त्याचीच घ्या आणि कोमट पाण्यात घासून धुवा. अडीच लिटर काढ्याला एका मध्यम संत्र्याची साल पुरते.

दुसरं म्हणजे धणे. हॉप्समध्ये जे लिनॅलूल नावाचं फुलांच्या वासाचं द्रव्य असतं तेच धण्यात मुबलक असतं. अडीच लिटरला दोन-तीन ग्रॅम, खलबत्त्यात नुसते फोडलेले, पूड नाही. जास्त झाले की भाजीच्या मसाल्याचा वास येतो. कॅस्केड निम्मंच उरलं असेल तेव्हा निम्मं कॅस्केड, थोडी साल, थोडे धणे ही माझी ठरलेली जोडणी आहे.

गवती चहाही टाकता येतो, पण त्याचा लिंबाचा वास बाकी सगळ्यांना दाबून टाकतो. एखाद-दुसरं पातं पुरे.

८. प्रत्यक्ष करायची पद्धत

तीन लिटर पाणी उकळा, आच बारीक करून ३०० ग्रॅम माल्ट पावडर ढवळत ढवळत सोडा. गुठळ्या झाल्या तर काळजी नको, विरघळतात. पुन्हा उकळी आली की कडूपणाचं हॉप: १२ टक्क्यांचं ३ ग्रॅम, किंवा ६ टक्क्यांचं ६ ग्रॅम. गुणाकार ३६ ठेवायचा. पहिल्यांदा करत असाल तर २४ वर करून पाहा.

हॉप पडताच फेस दुधासारखा भसकन वर येतो. गंज काठोकाठ भरलेला असेल तर शेगडी चिकट होणार हे नक्की. डाव हातात ठेवा, गंज अर्ध्याच्या वर भरू नका. तास भर उघडं उकळा. झाकण ठेवलं तर नको असलेले वास बाहेर पडत नाहीत.

शेवटी अडीच लिटर राहिलं पाहिजे. कमी झालं तर उकळतं पाणी घालून भरा. आच बंद करा, ८० अंशांपर्यंत उतरू द्या, मग वासाचं हॉप ८ ते १० ग्रॅम, साल आणि धणे असतील तर तेही आणि आता झाकण. वीस मिनिटं. ८० च्या खाली कडूपणा फारसा वाढत नाही आणि तेलं काढ्यात उतरतात. उकळत्यातच टाकलं तर महागाचा वास स्वयंपाकघरभर फिरेल, पेल्यात येणार नाही.

फडक्यातून गाळा, फडकं पिळू नका, पिळलं की तुरटपणा उतरतो. दोन लिंबांचा रस घाला. गंज थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून, पाणी बदलत पटकन गार करा आणि लगेच फ्रीजमध्ये. पिताना निम्मा काढा, निम्मा सोडा.

९. साठवण, आणि उन्हाळा

हा काढा गोड आहे, त्याला हवेतलं यीस्ट केव्हाही लागू शकतं. बाहेर ठेवला तर आपोआप आंबतो. घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत आंबला तर बाटली फुटते आणि शिवाय पहिल्या पायरीतला कायदा पुन्हा दारात येतो. कमी आंबट गोड काढा हवाबंद करून बाहेर ठेवणं विषबाधेच्या दृष्टीनेही धोक्याचं. म्हणून फ्रीजमध्येच, सैल झाकणाने आणि तीन दिवसांत संपवा. लाइट रात्रभर गेली असेल आणि सकाळी काढा कोमट लागला तर ओतून द्या.

उन्हापासूनही जपा. हॉप्सचा कडूपणा आणि ऊन एकत्र आले की थोड्याच वेळात घाणेरडा, जळक्या रबरासारखा वास तयार होतो. बीअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच. अंगणात प्यायला बसणार असाल तर स्टीलचे पेले घ्या.

हॉप्सची खरेदी नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना पार्सल तालुक्याच्या कुरिअरच्या पत्र्याखाली दोन दिवस पडून राहतं आणि तुमच्यापर्यंत येईस्तोवर त्यातला जीव गेलेला असतो. पाकीट फोडल्यावर उरलेल्या गोळ्या झिपच्या पिशवीत, हवा पूर्ण दाबून काढून, वर फोडल्याची तारीख आणि अल्फाचा आकडा लिहून फ्रीजरमध्ये ठेवा. फ्रीजच्या दारात नाही, बर्फाच्या कप्प्यात, अगदी मागे. वापरायच्या वेळी हवं तेवढं काढून पिशवी लगेच परत आत टाका, कारण ओटीवर उघडी राहिलेली पिशवी दमट होते आणि गोळ्या भुसभुशीत होऊन वास सोडायला लागतात.

पहिल्या खरेदीला काय मागवू असं विचाराल तर एक मॅग्नम आणि एक सेंटेनियल, पन्नास-पन्नास ग्रॅम. मॅग्नमवर सगळा कडूपणा निघतो, सेंटेनियलवर कॅस्केड मागणाऱ्या बहुतेक कृती निभावतात आणि साल-धणे घरचे आहेतच. तिसरं पाकीट या दोन्हींचा वास नाकात नीट बसल्यावर घ्या.